पाहणारे आणि पाहुणे

घर हे राहण्यासाठी असते की दाखवण्यासाठी, असा प्रश्न कोणी केला तर आपण सारेच एका सुरात म्हणू की, राहण्यासाठी. प्रश्न इतका सोपा असता तर त्यावर लेखणी झिजवण्याचे कारण नव्हते. परंतु हे उत्तर देणारी मंडळी दिवाळीच्या आधीच्या आठ दिवसांत काय करतात ते पाहावे. पुढच्या खोलीतील डुगडुगती खुर्ची मागच्या खोलीत जाते. मागच्या खोलीतील गोधड्यांची गाठोडी माळ्यावर चढतात. एरव्ही फडताळात बंद असलेल्या कपबशा बाहेर येतात, आणि ज्या भिंतीवर मुलाने पेन्सिलीने गाडी काढलेली असते त्या भिंतीवर नेमके नवे कॅलेंडर टांगले जाते. हे सारे राहण्यासाठी खचितच नव्हे. गाडीचे चित्र भिंतीवर असल्याने कोणाचे राहणे अडले नव्हते. म्हणजे वर्षातून आठ दिवस का होईना, आपण प्रत्येक जण घर दाखवण्याच्या उद्योगात असतो, आणि तो उद्योग मोठ्या आनंदाने करतो. यात काही खोटे आहे काय? आणि नसेल, तर दाखवणे खोटे ठरू लागते ते कोठून?

हा उद्योग काही लोकांनी पराकोटीला नेला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १९७३ पासून एक 'शो हाऊस' भरत आले आहे. एखादे मोठे घर घ्यायचे, त्यातील एकेक खोली एकेका नामवंत सजावटकाराच्या हवाली करायची, त्याने आपले सारे कसब त्या खोलीत ओतायचे, आणि लोकांनी तिकीट काढून ते घर पाहायचे. जमलेला पैसा किप्स बे नावाच्या मुलामुलींच्या क्लबाला जातो, म्हणजे हेतू चांगलाच. काही आठवड्यांनी पडदे उतरतात, गालिचे गुंडाळले जातात. त्या पलंगांवर कोणी झोपलेले नसते. त्या टेबलांवर कोणी जेवलेले नसते. पण कोणती खोली सरस आणि कोणती त्याहून सरस, याची चर्चा मात्र पुढे कितीतरी दिवस चालते.

हे परदेशी थेर आहे असे म्हणून नाक मुरडण्याची सोय आपल्याला नाही. लंडनमध्ये एका वृत्तपत्राने १९०८ साली 'आदर्श घरा'चे प्रदर्शन सुरू केले, आणि त्यानंतर तीस वर्षे पुरी व्हायच्या आत तसेच प्रदर्शन आपल्या मुंबईत भरले होते. नोव्हेंबर १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या त्या उंच पायऱ्यांच्या इमारतीत, ते मांडले. बारा दिवसांत लाखभर माणसे ते पाहून गेली. त्या काळी मुंबईत सिमेंट-काँक्रीटच्या नव्या इमारती उठत होत्या. मरीन ड्राईव्हच्या आणि ओव्हलच्या कडेच्या ज्या गोलाकार सज्ज्यांच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्या तेव्हा नव्या कोऱ्या होत्या. वाड्यातून आणि चाळीतून आलेल्या माणसाला फ्लॅट म्हणजे काय, त्यात खुर्ची कोठे ठेवायची आणि दिवा कोठे लावायचा, हे कोणीतरी दाखवायला हवे होते. लाखभर माणसांपैकी तसे घर घेण्याची ऐपत किती जणांची होती कोण जाणे. पण पाहायला पैसे पडले तरी स्वप्नाला पडत नाहीत.

आमचे पिंपळनेर या साऱ्यापासून फार दूर. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या पश्चिम अंगाला, पांझरेच्या काठी, सह्याद्रीच्या डोंगरांची सावली जेथे खानदेशात उतरते तेथे हे गाव वसले आहे. येथे शो हाऊस कधी भरले नाही. पण नाशिककडचे 'सँपल फ्लॅट' आमच्याही माणसांनी पाहिलेले आहेत, आणि जे तेथवर गेले नाहीत त्यांच्या फोनवर ती चित्रे आपल्या पायांनी चालत येतात. सँपल फ्लॅटमध्ये मी स्वतः गेलो आहे. तेथे कोठेही केरसुणी नसते, वाळत घातलेला टॉवेल नसतो, औषधाची बाटली नसते. टेबलावर मेणाची सफरचंदे असतात. अशा ठिकाणी पलंग किंचित आखूड करवून घेण्याची आणि आतली दारे काढून टाकण्याची युक्तीही या धंद्यात पुष्कळदा करतात, म्हणजे खोली मोठी भासते. उजेड मात्र मुबलक. एवढा उजेड कोणाच्या घरात रोज असेल तर विजेचे बिल पाहून त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल.

तरीही या दाखवण्याला सरसकट खोटे म्हणायला माझे मन धजत नाही. त्याचे कारण आमच्याच गावच्या जुन्या घरांत आहे.

खानदेशातील जुने घर म्हणजे धाब्याचे घर. मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, त्यांवर आडव्या तुळया, त्यांवर दाटीने बसवलेली लाकडे आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. चैत्र-वैशाखात बाहेर अंगार बरसत असता आत माठातल्या पाण्यासारखा गारवा. भिंतीत देवळ्या, देवळीत दिवा, खुंटीवर पागोटे, कोपऱ्यात उतरंड, पुढे ओटा. या घरांविषयी आज मोठ्या गोड आठवणी लिहिल्या जातात, आणि गारव्यापुरत्या त्या खऱ्याही आहेत. पण त्या घरातील चुलीपाशी बसलेल्या बाईने त्या आठवणी लिहिल्या असत्या तर त्या इतक्या गोड झाल्या नसत्या. धुराला वाट एवढीशी, खिडकी असलीच तर हातभर. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातील सर्वांत अंधारी खोली. दर पावसाळ्याच्या तोंडाला धाब्यावर माती चढवा, आणि तरीही आषाढात गळणाऱ्या थेंबाखाली पातेली मांडत फिरा. आणखी एक गोष्ट आठवणी लिहिणारे बहुधा गाळतात. तो जो प्रशस्त ओटा होता, त्याच्यावर कोणी बसावे, कोणी पायरीशी उभे राहावे आणि कोणी अंगणाच्या कडेलाच थांबावे, हे जातीने ठरलेले असे. ओटा जसा काहींच्या स्वागतासाठी होता तसा तो काहींना अडवण्यासाठीही होता.

तेव्हा अशा घरात राहणाऱ्यांना कोणी येऊन म्हटले की, चूल अशी उंच करा, खिडकी येथे पाडा, धूर बाहेर जाऊ द्या, तर तो सजावटीचा शौक नव्हे, ती करुणा आहे. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे शूटे-लिहोट्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुतज्ज्ञ बाईंनी कामकरी कुटुंबांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. क्षेत्र सुमारे साडेसहा चौरस मीटर. आगगाडीच्या डब्यातील स्वयंपाकघर जसे नेटके, हाताशी सारे असलेले, तसे ते. बाईची पावले वाचावीत, वेळ वाचावा, हा त्यामागचा विचार. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहराच्या नव्या वसाहतींत बसवली गेली, आणि आज आपल्या घरोघरी जो उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आणि वर ओळीने कपाटे दिसतात त्यांचे एक मूळ तेथे आहे. गमतीची गोष्ट अशी की, ते आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, हे त्या बाईंनी पुढे स्वतःच सांगितले. न राबणाऱ्या माणसालाही राबणाऱ्याची पावले मोजाविशी वाटली, याला मी मोठेपणा म्हणतो. दाखवलेली खोली माणसाला शिकवू शकते. एवढे श्रेय तिला देऊनच पुढे जायला हवे.

पण त्याच स्वयंपाकघरात एक अडचण निघाली. ते एका माणसाच्या मापाचे होते. दुसरे कोणी मदतीला आत आले तर दोघांची ढोपरे एकमेकांना लागत. मूल पायाशी खेळायला जागा नाही, शेजारीण येऊन टेकायला जागा नाही. पावले वाचली खरी, पण बाई एकटी पडली. आखणी इतकी अचूक होती की दुसऱ्यासाठी थोडे सरकायला तिच्यात वाव नव्हता.

येथे मला व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस या वास्तुतज्ज्ञाने १९०० साली लिहिलेली एका श्रीमंत माणसाची गोष्ट आठवते. त्या माणसाने आपले घर एका कलावंत वास्तुकाराकडून सजवून घेतले. खुर्चीपासून खिळ्यापर्यंत प्रत्येक वस्तू त्याने योजून दिलेली, आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. झोपण्याच्या खोलीतल्या सपाता बैठकीच्या खोलीत घातल्या म्हणून धन्यालाच बोलणी खावी लागली, कारण रंगसंगती बिघडली! पुढे त्या गृहस्थाचा वाढदिवस आला. घरच्यांनी, मुलाबाळांनी प्रेमाने भेटी आणल्या. वास्तुकार संतापला. सारे काही मी योजून दिलेले असता भेटी घेता कशा, असा त्याचा सवाल. घर पुरे झाले होते, आणि घराबरोबर तो माणूसही पुरा झाला होता. आता त्याला काही हवे होण्याची, कोणाकडून काही घेण्याची सोयच उरली नव्हती. तो श्रीमंत माणूस त्या दिवशी फार दुःखी झाला. लोस विनोदाने लिहितो, पण त्याने बोट ठेवले आहे ते दुखऱ्या जागेवर. ज्या खोलीत नातवाने आणलेली वाकडीतिकडी वस्तू ठेवायला जागा नाही, ती खोली कितीही देखणी असो, तिने आपल्या धन्याला दरिद्री केले आहे.

हे सारे दूरदेशीचे. पण गेल्या उन्हाळ्यात तोच प्रश्न आमच्या घरात येऊन बसला. माझा पुतण्या जुने घर पाडून त्या जागी नवे बांधू पाहतो आहे. धाबे आता सांभाळवत नाही, माती घालणारी माणसे मिळत नाहीत; त्याचे म्हणणे रास्त आहे. त्याने नाशिकच्या एका सजावटकाराकडून चित्रे करवून आणली. आजकाल संगणकावर अशी चित्रे निघतात की भिंत उभी राहण्याआधी तिच्यावरची तसबीर दिसते. पुढची खोली मोठी, तिच्यात कोनाकृती सोफा, समोर दूरदर्शन संचासाठी नक्षीची भिंत, छताला लपवलेले दिवे. मागे त्या नवरा-बायकोची खोली, मुलीच्या अभ्यासाची खोली, आणि एक पाहुण्यांची. "नाना, कसे वाटते?" म्हणून त्याने मोठ्या उमेदीने मला विचारले, आणि मला ते चांगलेच वाटले. घरातील सारी माणसे फोनवर वाकली होती. शेवटी फोन मोठ्या मायच्या हातात गेला. मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती. वय नव्वदीकडे झुकलेले. दिवसाचा बराच वेळ ती ओट्यालगतच्या ओसरीत खाटेवर बसून असते. रस्त्याने कोण आले, कोण गेले, कोणाची सून माहेराहून परतली, सारे तिला तेथून कळते, आणि येणारा-जाणारा तिला हाक मारून पुढे जातो. तिने ती चित्रे डोळ्यांजवळ धरून एकेक करून पाहिली. मग तिने विचारले, "मनी खाट कोठे टाकशात रे भाऊ?"

पुतण्या क्षणभर थांबला. मग म्हणाला, "मोठी माय, ही पाहुण्यांची खोली तुझीच की."

"मी काय पाहुनी शे का?" ती म्हणाली. रागाने नव्हे, खरोखर विचारावे तसे.

तिच्या प्रश्नाने माझ्या मनातील गुंता पुष्कळसा उलगडला. 'पाहणारा' आणि 'पाहुणा' हे दोन शब्द कानाला सख्ख्या भावांसारखे वाटतात, पण त्यांचे कूळ एक नव्हे. पाहुणा हा संस्कृतातील प्राघुणाचा वंशज. त्याचा पाहण्याशी संबंध नाही. आणि व्यवहारातही नसावा. पाहणारा दारातून नजर फिरवतो आणि निघून जातो. त्याच्यासाठी घराला काही करावे लागत नाही. उलट त्याच्यासाठी घराने जराही हालू नये, चित्रासारखे स्थिर राहावे अशीच योजना असते. पाहुण्यासाठी मात्र घराला हालावे लागते. त्याच्यासाठी कोणाची तरी उशी जाते, कोणाची तरी भाकर वाटली जाते, मुले जमिनीवर झोपतात आणि त्यांना त्याचीच मजा वाटते. एस.टी.त आणि पंगतीत आपण जे दोन शब्द सतत वापरतो, "जरा सरका", त्या दोन शब्दांत घराचे सारे नीतिशास्त्र आहे असे मला वाटते. आणि जो ना पाहणारा ना पाहुणा, जो घरचाच आहे, त्याची खूण कोणती? तर त्याला जागा मागावी लागत नाही. मोठ्या मायला ती नव्वदीच्या उंबरठ्यावर मागावी लागली.

आता कोणी म्हणेल, हे सरकणे फार गोड करून सांगता, पण आजवर सरकत कोण आले? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. आपल्या घरांत पाहुणा आला की नेहमी सुनेनेच सरकायचे, मुलीनेच अभ्यासाचे पुस्तक मिटून पाणी आणायचे, म्हातारीनेच खाट मागच्या दाराला न्यायची. पुरुषाची बैठक आणि तिच्यावरचा लोड शतकभर जागचे हालले नाहीत. ओट्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसासाठी तर कोणीच सरकले नाही. म्हणून माझ्या पुतण्याच्या मुलीला स्वतंत्र खोली हवी, दाराला कडी हवी, हे तिचे मागणे मला म्हातारीच्या खाटेइतकेच न्याय्य वाटते. ती यंदा दहावीला आहे. तिने आजीसाठी खोली सोडावी असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुन्हा जुन्याच चालीचे होईल: दोन दुबळ्या माणसांना एकमेकींसाठी सरकायला लावायचे, आणि आपण त्यागाचे कौतुक करायचे.

मग सरकायचे कोणी? चित्राकडे पुन्हा पाहिले म्हणजे उत्तर समोरच आहे. त्या घरात सर्वांत मोठी, सर्वांत उजेडाची, रस्त्याकडची खोली कोणाच्या वाट्याला आली आहे? सोफ्याच्या. दिवसातून तासभर कोणी त्यावर टेकेल न टेकेल. ती जागा घरच्यांची नाही, पाहुण्याचीही नाही. ती पाहणाऱ्याची आहे. दोन माणसांच्या गरजा एकमेकींना छेदत असतील तेव्हा आधी जे केवळ दाखवण्यासाठी आहे त्याने सरकावे. मग उरलेल्या अडचणीचे माणसांनी आपसांत वाटप करावे, आणि त्या वाटपात घरातील कर्त्याचाही वाटा असावा. एवढा क्रम पाळला तर घरातील निम्मी भांडणे मिटतील. सोफा आखूड करा, त्या उजेडाच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी म्हातारीची खाट टाका, आणि लपवलेले दिवे हवे तर खुशाल लपवून ठेवा. पुतण्याला मी हेच सांगितले आहे. तो सजावटकाराशी बोलतो म्हणाला. घर अजून कागदावर आहे, आणि कागदावर आहे तोवर रबराने पुसता येते, हे त्यातल्या त्यात बरे.

माझ्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत लक्षात राहणारी खोली कोणती असे कोणी विचारले, तर मी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची बापूकुटी सांगेन. गांधीजी १९३६ साली त्या गावी राहायला गेले, तेव्हा घराला शंभर रुपयांपेक्षा अधिक खर्च नको आणि सामान जवळपासचे वापरावे अशी त्यांची अट होती. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मुळात मीराबेनची झोपडी. मातीच्या भिंती, कौले, चटई, बुटके मेज. पण ती रुक्ष आहे असे मात्र नाही. मीराबेननी तिच्या भिंतीवर मातीतूनच उठावाची ताडाची झाडे आणि चरखा काढला आहे. म्हणजे सजावटीचे वावडे तेथेही नव्हते. इव्हान इलिच हे विचारवंत १९७८ साली तेथे आले असता त्या कुटीत बसून राहिले, आणि वस्तू साठवण्यासाठी बांधलेली जागा व माणसाने राहण्याची जागा यांतील फरकाबद्दल तेथे बोलले. त्यांचे म्हणणे मला पटते. तरी मला स्वतःला त्या आश्रमातील दुसरी एक झोपडी अधिक मोठी वाटते, ती परचुरे शास्त्र्यांची. हे संस्कृत पंडित महारोगाने गांजलेले होते. त्या काळी त्या रोगाची भीती एवढी होती की अशा माणसाला जवळ कोणी करीत नसे. ते आश्रमात आले तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीपासून जवळच त्यांची सोय केली, आणि त्यांच्या जखमा धुण्याचे, अंग चोळण्याचे काम स्वतः केले. एका माणसासाठी सारा आश्रम थोडा सरकला. ज्याला कोणाच्याच ओट्यावर जागा नव्हती तो तेथे घरचा झाला. ते दृश्य कोणाला दाखवण्यासाठी मांडलेले नव्हते.

पण साधेपणाचाही एक तोरा असतो, आणि मातीच्या भिंतीही दाखवण्यासाठी बांधता येतात; हल्ली तशा हौसेने बांधतातही. तेव्हा खोली माती-शेणाची आहे की संगमरवराची, यावर तिची योग्यता ठरवण्यात अर्थ नाही. खानदेशातील कानबाईचा सण पाहा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाच्या रूपाने ही देवी घरात येते. त्याआधी घर सारवतात, रंगवतात, पितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत करतात, चौरंगाभोवती मखर उभे राहते, देवीला नथ-डोळे आणि दागदागिने चढतात. हौस म्हणाल तर एखाद्या शो हाऊसला मागे सारील अशी, आणि मुक्काम एका रात्रीचा. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. म्हणजे हीही चार दिवसांची आरास, हीही उतरवली जाते. फरक एवढाच की त्या रात्री साऱ्या भाऊबंदांची माणसे त्या एका घरात मावतात. वर्षभर बांधावरून न बोललेले भाऊ रोटासाठी एका पंगतीला बसतात, बायका गाणी म्हणत रात्र जागवतात, पोरे जेथे पडतील तेथे झोपतात. आरास अशी केलेली असते की तिच्याभोवती माणसांनी दाटी करावी. मांडलेल्या खोलीभोवती दोरी लावतात, कानबाईच्या चौरंगाभोवती गोधड्या टाकतात. दाखवणे खोटे ठरू लागते ते या दोरीपासून, असे मला वाटते.

तेव्हा दिवाळीच्या सफाईबद्दल कोणी मनात किल्मिष आणू नये. दारात रांगोळी काढावी, नवे पडदे लावावेत, चांगल्या कपबशा काढाव्यात. कोणी येणार म्हणून आपण आपले घर आणि आपण स्वतः जरा बरे होतो, हे पाहुण्याचे आपल्यावर उपकारच आहेत. फक्त त्या भरात एवढे पाहावे, की पुढची खोली लख्ख करताना मागच्या खोलीत खुर्ची-गोधड्यांबरोबर कोणी माणूसही ढकलले जात नाही ना. फराळाला मंडळी आली म्हणजे सोफ्यावर घरातील वृद्ध माणूस आधी बसलेले असावे. त्याच्या धोतराला अगर लुगड्याला औषधाचा वास येत असला तरी. आणि मुलाने भिंतीवर काढलेली गाडी कॅलेंडरामागे झाकली असेल, तर कॅलेंडर हातभर बाजूला टांगावे. भिंत तेवढी मोठी असते. येणाऱ्याने विचारले की हे कोणी काढले, तर मूल धावत पुढे येईल आणि तुमच्या घरातील सर्वांत देखणी वस्तू कोणती, हे पाहुण्याला आपोआपच कळेल.